आखाड्यातले पंच
१ पंच : घाटावरच्या तांबड्या मातीच्या मैदानांत, उदाहरणार्थ कोल्हापूरच्या खासबागेत (१९१२), पंच बहुधा जुने पैलवान किंवा वस्ताद असतात. पाठ मातीला टेकली की नाही, हे तेच ठरवतात. हलगीवाले आणि निवेदक मैदान तापते ठेवतात. मॅटवर रेफरी, जज्ज व मॅट चेअरमन असे तिघे असतात. रेफरीच्या एका मनगटावर लाल, दुसऱ्यावर निळी पट्टी असते. ज्या रंगाचा हात वर, त्या रंगाच्या पैलवानाला गुण. जपानी सुमोत निकाल रिंगणातला ‘ग्योजी’ देतो. मात्र भोवती बसलेले पाच ‘शिंपान’ तो फिरवू शकतात. मल्लांची नावे पुकारणे, रिंगण झाडणे, ढोल वाजवणे ही कामे ‘योबिदाशी’ करतात. रत्नागिरीकडच्या वाचकांनी पुढील प्रकरणात ‘पंच’ म्हणजे मातीतलाच पंच समजावा. — संपादक