होम आयलंड : हिंदी महासागरातील एका लहानशा मुस्लिम वस्तीचा इतिहास

आमच्या विद्यार्थ्यांनी नकाशाचे पुस्तक उघडावे आणि हिंदी महासागराच्या पानावर जावा बेट शोधावे. तेथून नैर्ऋत्येकडे सुमारे हजार किलोमीटर निव्वळ पाण्यावरून बोट सरकवीत नेले म्हणजे एक बारीकसा ठिपका लागतो. काही नकाशांत तोही नसतो. ती कोकोस बेटे होत. कीलिंग बेटे असेही त्यांचे दुसरे नाव आहे. विलियम कीलिंग नावाच्या ईस्ट इंडिया कंपनीच्या कप्तानाला ती १६०९ साली दिसली, त्यावरून हे नाव पडले. लहानमोठी सत्तावीस प्रवाळबेटे, पण सर्वांची जमीन एकत्र केली तरी जेमतेम चौदा चौरस किलोमीटर भरते. समुद्रापासून उंची काही मीटर. डोंगर नाही, नदी नाही. माड मात्र मोजता येणार नाहीत इतके.

या सत्तावीस बेटांपैकी आज फक्त दोनच बेटांवर वस्ती आहे. त्यांतील होम आयलंड या बेटावर सुमारे साडेचारशे माणसे राहतात आणि ती बहुतेक सर्व मुसलमान आहेत. भाषा मलय, पंथ सुन्नी आणि मजहब शाफई, म्हणजे आपल्या कोकणी मुसलमानांचाच. राज्य ऑस्ट्रेलियाचे. ही माणसे एवढ्या दूर कशी आली, दीडशे वर्षे कशी राहिली आणि शेवटी स्वतःचा निर्णय स्वतः घेण्याइतकी कशी उभी राहिली, हा इतिहास शाळेच्या पुस्तकांत सापडत नाही.

ती स्वतःहून आली नाहीत, येथूनच आरंभ करावा लागतो. अलेक्झांडर हेअर नावाचा एक इंग्रज व्यापारी होता. इंग्रजांनी काही काळ जावा घेतला होता त्या दिवसांत बोर्निओतील बंजरमासिन येथे तो त्यांचा रेसिडेंट होता. तेथे त्याने जमीन मिळवली आणि गुलाम व आश्रित माणसांचा मोठा गोतावळा जमवला. पुढे तेथून हलावे लागले, तेव्हा आफ्रिकेच्या टोकाला केप येथे काही काळ राहून १८२६ साली तो आपल्या माणसांसह या निर्जन बेटांवर उतरला. बोर्निओ, जावा, बाली, सेलेबीस, सुमात्रा अशा ठिकठिकाणची ती माणसे होती. त्यांच्यात स्त्रियांचा भरणा होता आणि त्या कशासाठी आणल्या होत्या हे सांगण्याची गरज नाही. त्यांना एकत्र बांधणारी दोनच सूत्रे होती, बाजारात चालणारी मलय बोली आणि इस्लाम.

पुढच्याच वर्षी, १८२७ मध्ये, जॉन क्लुनीज-रॉस हा स्कॉटलंडकडचा दर्यावर्दी आपली बायकामुले घेऊन तेथे वस्तीला आला. तो पूर्वी हेअरच्याच चाकरीत होता. दोघांचे जमले नाही. हेअरची माणसे एकेक करून रॉसकडे जाऊ लागली, आणि १८३१ मध्ये हेअरने बेटे सोडली. मालक बदलला. गुलामी गेली का, या प्रश्नाचे उत्तर एका थोर पाहुण्याने देऊन ठेवले आहे. १८३६ च्या एप्रिलमध्ये 'बीगल' जहाजातून चार्ल्स डार्विन येथे आला. प्रवाळबेटे कशी तयार होतात याविषयीचा आपला सिद्धान्त त्याने या बेटांवर पडताळून पाहिला, हे विज्ञानाच्या विद्यार्थ्यांना ठाऊक असेल. परंतु त्याने माणसेही पाहिली. येथील मलय लोक नावाला स्वतंत्र आहेत, त्यांना वागणूकही बरी मिळते, पण बाकीच्या बऱ्याच बाबतींत त्यांना गुलामच समजले जाते, अशा आशयाची नोंद त्याने करून ठेवली. पुढची सव्वाशे-दीडशे वर्षे या नोंदीत फारसा फरक करावा लागला नाही.

१८५७ साली इंग्रजांनी बेटांवर आपले निशाण लावले आणि १८८६ मध्ये राणी व्हिक्टोरियाने ती क्लुनीज-रॉस घराण्याला वंशपरंपरेने कायमची देऊन टाकली. ज्यांच्या कबरी त्या वाळूत होत्या, त्यांना कोणी विचारले नाही. घराण्यात पाच पिढ्या मालक झाले. लोक त्यांना 'तुआन' म्हणत, म्हणजे आपल्याकडचे 'साहेब' किंवा 'खोतसाहेब' समजा.

खोती पाहिलेल्या कोकणी माणसाला हा कारभार समजावून सांगायला नको. माड मालकाचे, जमीन मालकाची, घर मालकाचे. पुरुषांनी नारळ गोळा करून सोलायचे, स्त्रियांनी फोडून खोबरे काढायचे, ते वाळवून जहाजात भरायचे. मुलगे जरा मोठे झाले की मालकाच्या कारखान्यात होडी बांधणे, लोहारकाम, सुतारकाम यांत उमेदवारीला लागत. कामगिरीत ही माणसे अत्यंत तरबेज झाली. त्यांच्या 'जुकोंग' नावाच्या शिडाच्या होड्या पाहून आपले तांडेल आणि खलाशीही खूश झाले असते.

मजुरी मिळे ती रुपयांत. होय, रुपयांतच! परंतु हा रुपया मालकाने स्वतः काढलेला होता. आधी मेंढीच्या कातड्यावर छापलेल्या चिठ्ठ्या, १९१३ नंतर हस्तिदंती बिल्ले आणि अखेरीस प्लास्टिकचे बिल्ले. तो एकाच दुकानात चाले, आणि ते दुकानही मालकाचेच. सकाळी एका हाताने दिलेली मजुरी संध्याकाळी दुसऱ्या हाताने परत येई. हा रुपया खिशात घालून सिंगापुरात उतरलेल्या माणसाला कोणी चहाचा कपही दिला नसता. तसे उतरणेही सोपे नव्हते. बेट सोडून जायला मनाई नव्हती, पण जो गेला त्याने पुन्हा परत यायचे नाही, हा नियम होता. आईबाप, भावंडे, मशीद आणि कबरस्तान कायमचे सोडायचे, ही किंमत किती जण देणार? भिंत बांधण्याची जरुरी उरली नाही.

एकाच बाजूने लिहिणे न्यायाचे होणार नाही. मालक मंडळी मलय भाषा बोलत. त्यांच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या पिढीने मलय स्त्रियांशी विवाहही केले. लोकांना घर होते, अन्न होते, म्हातारपणी सांभाळ होता. धर्मात फारशी ढवळाढवळ झाली नाही. चांगला मालक आणि वाईट मालक असा भेद वस्तीतले वृद्ध अजूनही करतात. पण पोटभर खाणे मिळाले म्हणून हिशेब पुरा होत नाही. जगात पैसा म्हणजे काय, कायदा म्हणजे काय, आपल्या श्रमाचे खरे मोल किती, हे समजण्याचा एकही मार्ग या माणसांना मोकळा नव्हता. आणि ज्याला बाहेरचे माप ठाऊक नाही, त्याला आपले माप कमी भरले हे तरी कसे कळावे?

बाहेरचे जग मधूनमधून दारापर्यंत येऊन गेले. १९०१ साली डायरेक्शन आयलंडवर समुद्री तारेचे ठाणे झाले. पहिल्या महायुद्धात, ९ नोव्हेंबर १९१४ रोजी, 'एम्डन' ही जर्मन युद्धनौका ते ठाणे मोडायला आली. तिनेच सप्टेंबरात मद्रासवर तोफा डागल्या होत्या. ऑस्ट्रेलियाच्या 'सिडनी' नौकेने तिला तेथेच निकामी केले. ठाण्यावर उतरलेली जर्मन तुकडी मात्र क्लुनीज-रॉसचे एक जुने शिडाचे जहाज घेऊन निसटली आणि पुढे येमेन व हिजाजमार्गे थेट इस्तंबूलपर्यंत पोहोचली. त्या जहाजाचे नाव 'आयेशा' होते. विद्यार्थ्यांनी ही हकीकत जरूर मिळवून वाचावी. एवढी मोठी घटना होऊनही नारळ सोलणाऱ्यांच्या दिनक्रमात काही बदलले नाही.

दुसऱ्या महायुद्धानंतर मात्र चूल पेटणे कठीण झाले. लोकसंख्या हजारावर गेली होती आणि खोबऱ्याच्या धंद्यात तेवढ्यांना पुरेल असे उत्पन्न नव्हते. १९४८ नंतरच्या काही वर्षांत निम्म्याहून अधिक माणसे उत्तर बोर्निओत, म्हणजे आजच्या साबा प्रांतात, तावाउ आणि लहद दातू भागात निघून गेली. मागे काही शेच उरली. एकेका घरातले अर्धे भाऊ इकडे आणि अर्धे तिकडे झाले.

१९५५ साली बेटे ब्रिटिशांकडून ऑस्ट्रेलियाकडे गेली. नव्या सरकारने वेस्ट आयलंडवरील विमानतळ सांभाळला आणि होम आयलंडचा कारभार बराच काळ पूर्वीसारखा मालकावरच सोडून दिला. हा दोष सरकारच्या पदरात घालावाच लागेल. समुद्राच्या एका उथळ पट्ट्यापलीकडे ऑस्ट्रेलियन डॉलर, दवाखाना आणि शाळा, तर अलीकडे प्लास्टिकचा रुपया, असे चित्र पुढे वीस वर्षे टिकले. १९७४ साली संयुक्त राष्ट्रांचे पाहणी मंडळ तेथे गेले आणि ही स्थिती जगापुढे आली. मग सरकारची झोप उडाली. १९७८ मध्ये घराण्याचे राहते घर व त्याभोवतालची जागा वगळून सर्व बेटे साडेबासष्ट लाख ऑस्ट्रेलियन डॉलरना सरकारने विकत घेतली. प्लास्टिकचे रुपये बंद झाले. लोकांची निवडलेली परिषद आणि सहकारी संस्था स्थापन झाली. पुढे ते घरही सक्तीने घेण्याचा सरकारने प्रयत्न केला, तेव्हा १९८४ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या उच्च न्यायालयाने तो बेकायदा ठरवला. कायदा जुन्या मालकालाही संरक्षण देतो, हा धडाही वस्तीने त्याच वर्षी पाहिला.

आणि त्याच वर्षी, ६ एप्रिल १९८४ रोजी, संयुक्त राष्ट्रांच्या निरीक्षकांसमोर मतदान झाले. स्वातंत्र्य, ऑस्ट्रेलियाशी सैल संबंध, की पूर्ण विलीनीकरण, असे तीन पर्याय होते. मतदार होते २६१. विलीनीकरणाला २२९, सैल संबंधाला २१ आणि स्वातंत्र्याला ९ मते पडली. दोन बाद झाली. धर्म, भाषा आणि रीतिरिवाज यांचा मान राखू, राहणीमान मुख्य भूमीच्या बरोबरीला आणू, असे आश्वासन सरकारने दिले होते. आपल्या एखाद्या मोहल्ल्याच्या जमातीइतकीच ही मतदारसंख्या. पण हेअरच्या जहाजातून उतरलेल्यांच्या वंशजांना 'तुम्हाला काय हवे?' असा प्रश्न १५८ वर्षांत प्रथमच विचारला गेला. बेटांवर ६ एप्रिलचा दिवस आजही पाळतात.

मतदानाने पोट भरत नाही. १९८७ साली खोब्याचा धंदा बंद पडला आणि पिढ्यान्‌पिढ्यांचे एकमेव कौशल्य निरुपयोगी झाले. आता नोकरी हवी तर इंग्रजी हवे, दाखला हवा. होम आयलंडवर लहान मुलांची शाळा आहे. पुढच्या इयत्तांसाठी मुलेमुली सकाळी लाँचने वेस्ट आयलंडला जातात आणि दुपारी परततात. दहावीनंतर मात्र पावणेतीन हजार किलोमीटरवरच्या पर्थ शहराकडे किंवा ख्रिसमस बेटाकडे जावे लागते. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलीला एवढ्या दूर पाठवताना आईबापांच्या मनात काय होत असेल, ते आपल्या पालकांना वेगळे सांगायला नको. अनेक जण परततात, अनेक तिकडेच स्थिरावतात. १९७० च्या दशकापासूनच काही कुटुंबे पश्चिम ऑस्ट्रेलियातील कटॅनिंग गावी हलाल मांसाच्या कारखान्यात कामाला गेली, आणि त्या मेंढपाळांच्या मुलखात त्यांच्यामुळे मशीद उभी राहिली.

वस्तीने आपले रूप बरेच राखले आहे. पहिले मूल झाले की आईबापांना त्या मुलाच्या नावाने 'पाक अमुक', 'माक अमुक' म्हणू लागतात. आपल्याकडे 'अमक्याचे अब्बा' म्हणतात तसेच. ईद म्हणजे 'हारी राया', आणि ती तेथे सरकारी सुट्टी आहे. मालकांकडून घेतलेला स्कॉटिश नाच मात्र लग्नात अजून चालतो, आणि तो आपलाच आहे असे ते बेलाशक सांगतात. घरात मलय, शाळेत इंग्रजी, मशिदीत अरबी, अशा तीन भाषांत तेथले मूल वाढते. इंग्रजीच्या जोरापुढे घरची मलय किती टिकेल, ही काळजी वडीलधाऱ्यांना आहे.

अलीकडे नवीच चिंता उभी राहिली आहे. समुद्राची पातळी वाढत आहे आणि भरतीचे पाणी सखल किनारा खात आहे. संरक्षक भिंती बांधीत राहणे परवडणार नाही, म्हणून येत्या काही दशकांत होम आयलंडची वस्ती टप्प्याटप्प्याने हलवावी, असा विचार किनारा संरक्षणाच्या सरकारी मसुद्यात मांडला गेला. २०२४ साली त्याची बरीच चर्चा झाली. ज्यांच्या आजोबांना बेट सोडल्यावर परतण्याची मुभा नव्हती, त्यांनाच आता बेट सोडा असे सुचवले जात आहे. वस्तीतील अनेकांना ते मान्य नाही. फरक एवढाच की या वेळी मसुदा त्यांच्यापुढे ठेवला गेला आहे, आणि तो वाचून त्यावर हरकत घेणारी मुलेमुली त्यांच्याच घरांतली आहेत.