कॅम्पर व्हॅनमधील स्वयंपाक

कॅम्पर व्हॅनमधील स्वयंपाक म्हणजे राहण्याची सोय असलेल्या मोटारवाहनात मर्यादित इंधन, वीज व पाणी वापरून अन्न शिजविण्याची व साठविण्याची पद्धत होय. १९५० मध्ये उत्पादन सुरू झालेल्या फोक्सवागन टाइप २ या गाडीत जर्मनीतील वेस्टफालिया कंपनीने निवासी सोयी बसविण्यास सुरुवात केली. त्यानंतर अशा वाहनांचा युरोपात मोठा प्रसार झाला.

इंधन

शेगडीसाठी बहुधा द्रवरूप पेट्रोलियम वायू (एलपीजी) वापरतात. त्यातील ब्यूटेनचा उत्कलनबिंदू सुमारे −०.५° से., तर प्रोपेनचा सुमारे −४२° से. असतो. त्यामुळे कडाक्याच्या थंडीत ब्यूटेनची वाफ होत नाही व शेगडी पेटत नाही; अशा ठिकाणी प्रोपेन वापरणे आवश्यक ठरते.

वीज

वाहनात सामान्यतः १२ व्होल्टची स्वतंत्र बॅटरी असते. गाडी चालू असताना अल्टरनेटरद्वारे, तसेच सौर पॅनेलद्वारे किंवा तळावरील वीजजोडणीतून ती भारित केली जाते. १०० अँपिअर-तास क्षमतेच्या बॅटरीत सुमारे १,२०० वॉट-तास ऊर्जा साठते. मात्र शिसे-आम्ल प्रकारात त्यातील साधारण निम्मीच वापरणे हितावह असते. एक लिटर पाणी २०° से. पासून उकळण्यास किमान ९३ वॉट-तास ऊर्जा लागते. १,८०० वॉटची इंडक्शन शेगडी इन्व्हर्टरवर चालविल्यास बॅटरीतून १५० अँपिअरहून अधिक प्रवाह घेतला जातो. म्हणूनच उष्णता निर्माण करणारी उपकरणे वायूवर आणि दिवे, पंखा व पाण्याचा पंप विजेवर चालविण्याची प्रथा आहे.

शीतकपाट

शोषण प्रकारचे शीतकपाट वायू, १२ व्होल्ट किंवा घरगुती वीज यांवर चालते. परंतु ते नीट चालण्यासाठी वाहन समतल जागी उभे असावे लागते. कॉम्प्रेसर प्रकारचे शीतकपाट कमी वीज घेते व उतारावरही बऱ्यापैकी चालते.

पाकपद्धती

इंधन व पाणी वाचावे म्हणून एकाच भांड्यात होणारे पदार्थ पसंत केले जातात. उंचावर पाणी कमी तापमानास उकळते. सुमारे ३,५०० मीटर उंचीवरील लेह येथे ते ८८° से. च्या आसपास उकळते. परिणामी डाळ व कडधान्ये शिजण्यास फार वेळ लागतो. अशा वेळी प्रेशर कुकर उपयुक्त ठरतो.

सुरक्षितता

एलपीजी हवेपेक्षा जड असल्याने गळती झाल्यास तो तळाशी साचतो. यासाठी सिलिंडरच्या कप्प्याला तळाशी बाहेर उघडणारे छिद्र ठेवतात. अपुऱ्या हवेत ज्वलन झाल्यास कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. हा वायू रंगहीन व गंधहीन असल्यामुळे झोपेतील व्यक्तीस त्याची जाणीव होत नाही आणि मृत्यू ओढवू शकतो. म्हणून शेगडीचा वापर वाहन उबदार ठेवण्यासाठी करू नये, तसेच विझत आलेली कोळशाची शेगडीही आत आणू नये. स्वयंपाक करताना खिडकी उघडी ठेवणे आणि कार्बन मोनॉक्साइडची सूचना देणारे यंत्र बसविणे आवश्यक मानले जाते. पेट्रोल पंपावर जाण्यापूर्वी सर्व ज्योती विझवाव्या लागतात.