खानदेश ते सागर : समुद्रप्रवासातील व्यवहारज्ञान आणि प्रवाशांचे अनुभव – एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना :

समुद्रप्रवासाचा इतिहास म्हटला की अभ्यासकाची दृष्टी साहजिकच कोकणकिनाऱ्याकडे वळते. शिवछत्रपतींचे आरमार, कान्होजी आंग्रे, इंग्रज व पोर्तुगीज यांच्या वखारी हे विषय मराठी इतिहासलेखनात पुरेसे हाताळले गेले आहेत. मात्र जहाजात बसलेला सामान्य प्रवासी, त्याने बरोबर नेलेली शिदोरी, त्याला लागलेली बोट, त्याने पुढच्या प्रवाशाला सांगितलेल्या चार अनुभवाच्या गोष्टी यांची नोंद इतिहासात क्वचितच घेतली जाते. शिंदखेड्यासारख्या, समुद्रापासून दूर असलेल्या तालुक्याचा तर या विषयाशी काही संबंध असेल असे कोणाच्या मनातही येत नाही. प्रस्तुत लेखात हा संबंध दाखविण्याचा, तसेच प्रवाशांचे व्यवहारज्ञान हे सामाजिक इतिहासाचे साधन कसे ठरू शकते याचा विचार करण्याचा प्रयत्न केला आहे.

सुरतेच्या वाटेवरील शिंदखेडा :

मोगल काळात खानदेशाचे बंदर म्हणजे सुरत. बुऱ्हाणपूर ते सुरत हा त्या काळातील एक प्रमुख राजमार्ग होता व तो तापीच्या खोऱ्यातून जात असे. फ्रेंच जवाहिऱ्या झां बाप्तिस्त ताव्हेर्निये याने १६७६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रवासवर्णनात या मार्गावरील मुक्काम क्रमाने दिले आहेत. नवापूर, नंदुरबार, थाळनेर, चोपडा ही नावे त्यात ओळखू येतात. थाळनेरच्या अलीकडे ‘सेंकेरा’ असा जो मुक्काम येतो तो म्हणजेच शिंदखेडा होय, असे या ग्रंथाचा इंग्रजी अनुवादक व्हॅलेंटाइन बॉल याने १८८९ च्या आवृत्तीत दाखविले आहे. इंग्लंडच्या राजाचा वकील सर टॉमस रो हा १६१५ मध्ये सुरतेस उतरून बुऱ्हाणपूरला गेला तोही खानदेशातूनच.

ताव्हेर्नियेचा ग्रंथ चाळताना एक बाब लक्षात येते. त्याचा मोठा भाग आजच्या भाषेत ‘प्रवाशांसाठी सूचना’ म्हणावा अशाच स्वरूपाचा आहे. कोठे कोणते नाणे चालते, जकात कशी घेतली जाते, बैलगाडी कशी ठरवावी, हा सर्व मजकूर पुढील प्रवाशाच्या उपयोगासाठी लिहिलेला आहे. ज्या माहितीकडे आपण किरकोळ म्हणून पाहतो तीच आज आर्थिक इतिहासाचे साधन झाली आहे.

सुरतेहून मोगलांची हजयात्रेची जहाजे सुटत. प्रवासाचा पहिला नियम ऋतूचा होता. नैर्ऋत्य मोसमी वारे सुरू होण्यापूर्वी निघावयाचे आणि ते ओसरल्यावर परतावयाचे. दुसरा नियम परवान्याचा होता. अकबराची आत्या गुलबदन बेगम १५७६ मध्ये हजला निघाली तेव्हा पोर्तुगिजांचा परवाना, म्हणजे ‘कर्ताझ’, मिळेपर्यंत तिला सुरतेस दीर्घकाळ थांबावे लागले. परतताना एडनजवळ जहाज फुटले आणि १५८२ मध्ये ती राजधानीस पोहोचली. बादशहाच्या घरातील स्त्रीलाही कागदपत्रांची आणि वाऱ्याची वाट पाहावी लागली, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे. तिसरा धोका चाचेगिरीचा. १६९५ मध्ये हज करून परतणारे ‘गंज-ए-सवाई’ हे औरंगजेबाचे जहाज हेन्री एव्हरी या इंग्रज चाच्याने लुटले व त्यातील यात्रेकरूंचे अतोनात हाल झाले.

आगबोट, आगगाडी आणि बदललेला मार्ग :

१७ नोव्हेंबर १८६९ रोजी सुएझचा कालवा खुला झाला. पुढील वर्षी मार्चमध्ये मुंबई-कलकत्ता लोहमार्ग जबलपूरमार्गे पूर्ण झाला आणि भुसावळ हे या मार्गावरील महत्त्वाचे स्थानक ठरले. विलायतेहून बोटीने मुंबईस उतरलेली टपाल व उतारू भुसावळावरून देशाच्या अंतर्भागात जाऊ लागले. १९१२ मध्ये सुरू झालेली ‘पंजाब लिमिटेड’, म्हणजे आजची पंजाब मेल, ही मुळात विलायती बोटींच्या वेळापत्रकाशी जोडलेली गाडी होती. शतकाच्या वळणावर तापी खोऱ्याचा लोहमार्ग झाल्यावर शिंदखेडाही रेल्वेने एका बाजूस सुरतेशी व दुसऱ्या बाजूस जळगावशी जोडले गेले. बैलगाडीच्या वाटेवरील मुक्काम रेल्वेचे स्थानक झाला. मात्र तोपर्यंत सुरतेचे बंदर मागे पडून समुद्राचा दरवाजा मुंबईस गेला होता.

पंक्तिभेद, प्रायश्चित्त आणि शिदोरी :

हिंदू समाजात समुद्रप्रवासाचा प्रश्न प्रथम धर्माचा व नंतर सोयीचा होता. बौधायन धर्मसूत्रात समुद्रसंयान हे पातित्य आणणाऱ्या कर्मांत गणले आहे व पुढे ते कलिवर्ज्यांतही आले. असे असूनही माणसे गेली. राघोबादादांनी १७८१ मध्ये हणमंतराव नावाचा ब्राह्मण वकील इंग्लंडला पाठविला तेव्हा त्याच्या वास्तव्याची मोठी अडचण स्वयंपाकाची होती. एडमंड बर्क याने आपल्या बीकन्सफील्ड येथील घराजवळील काचगृह त्यास मोकळे करून दिले, म्हणून त्याला आपल्या आचाराप्रमाणे अन्न शिजविता आले. सातारचे रंगो बापूजी गुप्ते १८३९ मध्ये प्रतापसिंह महाराजांची बाजू मांडण्यासाठी लंडनला गेले ते सुमारे चौदा वर्षे तेथेच राहिले.

स्त्रियांच्या बाबतीत १८८३ हे वर्ष विशेष महत्त्वाचे आहे. ७ एप्रिल रोजी आनंदीबाई जोशी कलकत्त्याहून ‘सिटी ऑफ कलकत्ता’ या बोटीने निघाल्या आणि ४ जून रोजी न्यूयॉर्कला पोहोचल्या. त्यांचे वय तेव्हा अवघे अठरा वर्षांचे होते व पती बरोबर नव्हते. त्यापूर्वी फेब्रुवारीत श्रीरामपूर येथे केलेल्या भाषणात आपण हिंदू म्हणून जाऊ आणि हिंदू म्हणूनच परत येऊ, असा निर्धार त्यांनी व्यक्त केला होता. तो निर्धार बोटीवरील जेवणाच्या मेजावर रोज कसोटीस लागणार होता. त्याच एप्रिल महिन्यात पंडिता रमाबाई लहानग्या मनोरमेसह मुंबईहून इंग्लंडला निघाल्या. सदाशिव पांडुरंग केळकर यांना लिहिलेले त्यांचे पत्र ‘इंग्लंडचा प्रवास’ या नावाने त्याच वर्षी प्रसिद्ध झाले. मराठी स्त्रीने लिहिलेल्या आरंभीच्या प्रवासलेखनात त्याचे स्थान मोठे आहे.

पुरुषांचीही अडचण निराळी नव्हती. सप्टेंबर १८८८ मध्ये मुंबईहून निघालेल्या मोहनदास गांधींनी बोटीवर संकोचामुळे मेजावर जाण्याचे टाळून बरोबर नेलेल्या मिठाईवर व फळांवर बरेच दिवस काढले, हे त्यांच्या आत्मकथेतून सर्वपरिचित आहे. मात्र त्यांनी काही वर्षांनी लंडनला जाऊ इच्छिणाऱ्यांसाठी एक मार्गदर्शिका लिहून ठेवली होती, याकडे फारसे लक्ष जात नाही. कपडे कोणते घ्यावेत, शाकाहाऱ्याने काय खावे, खर्च किती येतो, हे तीत तपशिलाने दिले आहे. स्वतःला जी माहिती मिळाली नाही ती दुसऱ्याला मिळावी, ही त्यामागील प्रेरणा होती. नागपूरच्या पार्वतीबाई चिटणवीस यांच्या ‘आमचा जगाचा प्रवास’ (१९१५) या पुस्तकापर्यंत येता येता मराठी स्त्री जगाची सफर करून ती वाचकांस सांगू लागली होती.

डेकवरील प्रवासी :

वर उल्लेखिलेले प्रवासी लिहिणारे होते. समुद्रावरून गेलेल्या बहुसंख्य लोकांनी मात्र काहीच लिहिले नाही. ते डेकवरचे उतारू होते. त्यांचे तीन गट प्रामुख्याने दिसतात. पहिला, १८३४ नंतर मॉरिशसला करारावर गेलेले मजूर, ज्यांच्यात मुंबई इलाख्यातील मराठी भाषकही होते. दुसरा, हजचे यात्रेकरू. तिसरा, कोकणबोटींचे उतारू.

हजयात्रेकरूंची स्थिती एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इतकी बिकट होती की सरकारने १८८६ मध्ये टॉमस कुक या प्रवासी कंपनीची यात्रेकरूंसाठी नेमणूक केली. हा प्रयोग १८९३ पर्यंत चालला. १८९५ मध्ये यात्रेकरूंच्या जहाजांसंबंधी स्वतंत्र कायदा झाला. तांबड्या समुद्रातील कामरान बेटावर १८८२ पासून विलग्नवास सक्तीचा होता. मुंबईतील प्लेगमुळे १८९७ मध्ये तेथून हजला जाण्यावरच बंदी आली. २०२० मध्ये कोरोनाच्या साथीत जहाजांवर अडकून पडलेल्या प्रवाशांची वृत्ते आपण वाचली. तो अनुभव आपल्या समाजास नवा नव्हता, फक्त त्याची आठवण उरली नव्हती. मुंबईहून हजला जाणारी जहाजे १९९५ पर्यंत चालू होती. म्हणजे डेकवरून मक्केला गेलेली शेवटची पिढी अद्याप पूर्णपणे काळाच्या पडद्याआड गेलेली नाही.

कोकणबोटींचे व्यवहारज्ञान निराळे होते. भाऊच्या धक्क्यावरून निघालेली बोट हर्णे, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ले अशी बंदरे घेत जाई. बहुतेक ठिकाणी ती खोल पाण्यात उभी राही व उतारूंना पडावातून ने-आण करावी लागे. वळकटी लवकर पसरून वाऱ्याच्या बाजूची जागा धरणे, बोट लागू नये म्हणून पोट हलके ठेवणे, लिंबू व आले जवळ बाळगणे हे ज्ञान घराघरांत होते. त्यास आधुनिक शास्त्राचाही आधार आहे. डोळे स्थिर भिंत पाहतात आणि कानातील तोलाचे इंद्रिय हालचाल नोंदविते, या विसंगतीतून मळमळ उद्भवते. म्हणूनच क्षितिजावर दृष्टी ठेवावी आणि जहाजाच्या मध्यभागी, खालच्या मजल्यावर असावे, जेथे हेलकावा कमी बसतो.

सुरक्षेचा प्रश्न :

व्यवहारज्ञानाचा सर्वांत गंभीर भाग जिवाच्या सुरक्षेचा आहे. १७ जुलै १९४७ रोजी, आषाढ अमावास्येच्या सुमारास, भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघालेली ‘रामदास’ ही बोट मुंबईपासून काही मैलांवर उलटली आणि सहाशेहून अधिक माणसे बुडाली. बोटीवर बिनतारी संदेशाची सोय नव्हती. पोहत किनाऱ्यास लागलेल्यांकडून आणि कोळी बांधवांकडून ही वार्ता कळेपर्यंत मुंबई अनभिज्ञ होती. १९१२ च्या ‘टायटॅनिक’ दुर्घटनेनंतर १९१४ मध्येच लंडन येथे समुद्रावरील जीवितरक्षणाचा पहिला आंतरराष्ट्रीय करार झाला होता. तेहतीस वर्षांनंतरही त्यामागील जाणीव रेवसच्या उतारूपर्यंत पोहोचली नव्हती. जागतिक नियम आणि स्थानिक व्यवहार यांतील हे अंतर इतिहासकाराने नोंदवावयास हवे, कारण ते प्राणांच्या रूपाने मोजले गेले.

हा प्रश्न केवळ गतकालीन नाही. १३ जानेवारी २०१२ रोजी इटलीच्या किनाऱ्याजवळ ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ हे सफरीचे जहाज खडकावर आदळून ३२ जण दगावले. त्याच दिवशी चढलेल्या शेकडो प्रवाशांची संकटकालीन कवायत तोपर्यंत झालेलीच नव्हती. त्यानंतर नियम बदलून जहाज सुटण्यापूर्वी वा सुटताच कवायत घेणे बंधनकारक झाले. ऑक्टोबर २०१८ मध्ये मुंबई-गोवा मार्गावर ‘आंग्रिया’ ही सफरीची बोट सुरू झाली व सप्टेंबर २०२१ मध्ये मुंबईहून ‘कॉर्डेलिया’ च्या सफरी सुरू झाल्या. आज खानदेशातील नोकरदार कुटुंबही सुट्टीत अशा सफरीचा विचार करू शकते. त्यांना देण्याजोगा सल्ला जुनाच आहे : बंदरावर काही तास आधी पोहोचावे, ओळखपत्र व नित्याची औषधे हातातील पिशवीत ठेवावीत, कारण मोठे सामान खोलीत उशिरा येते, पावसाळ्याचा विचार करून तारीख ठरवावी, आणि कवायतीस कंटाळा न करता हजर राहून आपले एकत्र येण्याचे ठिकाण पाहून ठेवावे.

समारोप :

वरील विवेचनावरून तीन निष्कर्ष काढता येतात. एक, शिंदखेडा व तापी खोऱ्याचा प्रदेश हा समुद्राकडे जाणाऱ्या मार्गाचा भाग होता व त्याचा इतिहास तसाच वाचला पाहिजे. दोन, ऋतू, परवाना, अन्न, आजार, विलग्नवास आणि सुरक्षा ही समुद्रप्रवासाच्या व्यवहारज्ञानाची अंगे चार शतके फारशी बदललेली नाहीत. बदलला तो हे ज्ञान कोणापर्यंत पोहोचते हा प्रश्न. तीन, लिहू शकणाऱ्यांचे अनुभव ग्रंथरूपाने उरले, डेकवरच्यांचे मात्र स्मरणातच राहिले.

या तिसऱ्या निष्कर्षातून आपल्यावर एक जबाबदारी येते. कापडात बांधून ठेवलेला हजचा परवाना, बोटीचे तिकीट, परदेशी शिकावयास गेलेल्या आप्ताचे पत्र अशा वस्तू आपल्या परिसरातील घरांतून असू शकतात. वि. का. राजवाडे यांनी गावोगाव हिंडून दप्तरे गोळा केली व त्यांच्या नावे १९२७ पासून धुळ्यात संशोधन मंडळ उभे आहे. त्या परंपरेत वाढलेल्या महाविद्यालयांना हे काम परके वाटू नये. इतिहास विभागातील विद्यार्थ्यांनी एका सत्रात आपापल्या गावातील जहाजाने प्रवास केलेल्या वृद्धांच्या मुलाखती ध्वनिमुद्रित केल्या, तरी एक मौलिक संग्रह तयार होईल. ज्यांच्याकडून हे ऐकावयाचे ते बहुतेक सारे आता वयोवृद्ध आहेत. हे काम पुढील वर्षावर ढकलणे परवडणारे नाही.