घोडा, स्वार आणि परीक्षक



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांचे निम्मे आयुष्य उत्तरपत्रिका तपासण्यात गेले. म्हणून आजच्या व्याख्यानासाठी मी परीक्षेचाच विषय निवडला आहे. मात्र ही परीक्षा मुलांची नसून घोड्यांची आहे. पाश्चात्त्य देशांतील अश्वप्रदर्शनांत घोड्यांना गुण कसे दिले जातात आणि ते देणाऱ्यांचीच कसोटी कशी लागली, हा तो इतिहास होय.

अश्वपरीक्षा आपल्याला नवी नाही. तापीकाठी सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या यात्रेत घोड्यांचा मोठा बाजार भरतो. तेथे जाणकार माणूस घोड्याच्या अंगावरचे भोवरे पाहतो, दात पाहून वय ठरवतो, रवाल चाल दाखवायला लावतो आणि मगच दराची बोलणी करतो. त्याची पारख चुकली तर त्याचाच पैसा बुडतो. प्रदर्शनातील परीक्षकाचे तसे नाही. तो घोडा विकत घेत नसतो. त्याची चूक झाली तर नुकसान दुसऱ्याचे होते. म्हणूनच त्याला नियमांनी बांधून घ्यावे लागते.

शाळेत वर्ग म्हणजे इयत्ता. अश्वप्रदर्शनात वर्ग म्हणजे परीक्षकापुढे ठेवलेला एक स्वतंत्र प्रश्न. एका वर्गात घोडा हाती धरून उभा केला जातो आणि त्याची ठेवण, पाय, खूर व चाल पाहतात. दुसऱ्या वर्गात घोडा बाजूला राहतो आणि स्वाराची मांड, त्याचे हात, त्याचे लगामावरील नियंत्रण पाहिले जाते. तिसऱ्यात केवळ उडी मोजतात. त्यामुळे एकाच दिवशी तोच घोडा एका वर्गात पहिला आणि दुसऱ्यात शेवटचा येऊ शकतो, आणि हे दोन्ही निर्णय योग्य असू शकतात. प्रश्न समजून न घेता निकालावर टीका करणे व्यर्थ आहे, हा या विषयातील पहिला धडा.

१८६८ साली रॉयल डब्लिन सोसायटीने आयर्लंडच्या राजधानीत लीन्स्टर हाउसच्या हिरवळीवर घोड्यांचे प्रदर्शन भरविले. त्या देशात कोल्ह्याच्या शिकारीसाठी घोडे पाळत. शिकारी कुत्र्यांच्या मागे धावताना वाटेतील दगडी बांध आणि कुंपणे ओलांडू शकेल, असा घोडा हवा असे. म्हणून प्रदर्शनात उंच उडी आणि लांब उडी यांचीही परीक्षा ठेवली. १८८१ साली प्रदर्शन बॉल्सब्रिज येथे गेले आणि तेथे एकामागून एक अडथळे ओलांडण्याचा सलग मार्ग आखला गेला. पुढे जगभर पसरलेल्या उड्यांच्या स्पर्धांची ही एक महत्त्वाची पायरी होती. आयर्लंड व इंग्लंडमधील शिकारी घोड्यांच्या वर्गांत मात्र जुनी रीत टिकून आहे. तेथे घोडा किती वजनाचा स्वार वाहील यावरून हलका, मध्यम व भारी असे वर्ग पाडतात, आणि परीक्षक स्वतः खोगिरावर बसून घोडा चालवून पाहतो.

उड्यांची परीक्षा सुरुवातीला मोठी वादग्रस्त होती. उडीच्या डौलालाही गुण मिळत, आणि डौल ज्याच्या-त्याच्या डोळ्यांवर अवलंबून असे. १९२१ साली आंतरराष्ट्रीय अश्वारोहण महासंघ स्थापन झाला आणि हळूहळू देशोदेशींचे नियम एकत्र आले. आज दांडी पडली की चार दोष, घोडा प्रथम अडला की चार दोष, दुसऱ्यांदा अडला अथवा स्वार पडला की स्पर्धेतून बाद. आणि ठरलेल्या वेळेपेक्षा विलंब झाला तर त्याचेही दोष. दांडी पडली की नाही, हे बारा वर्षांचे पोरही सांगू शकते. तेथे परीक्षकाशी भांडायला फारसे कारण उरत नाही.

खरा प्रश्न येतो तो ड्रेसाज या प्रकारात. येथे घोड्याच्या शिक्षणाची परीक्षा असते. साठ मीटर लांब व वीस मीटर रुंद अशा रिंगणात घोडा ठरलेल्या हालचाली करतो आणि परीक्षक प्रत्येक हालचालीला शून्य ते दहा गुण देतात. हालचाल लयीत होती का, घोडा ताठरला का, हे फूटपट्टीने मोजता येत नाही. ते डोळ्यांनीच पाहावे लागते, आणि डोळ्यांमागे माणूस असतो.

ऑलिंपिकमधील तीन प्रसंग या दृष्टीने पाहण्यासारखे आहेत. १९३२ साली लॉस एंजेलिस येथे स्वीडनचा बर्टिल सँडस्ट्रॉम दुसऱ्या क्रमांकावर होता. त्याने जिभेने चुकचुक आवाज काढून घोड्याला इशारा दिला, असा ठपका ठेवून त्याला शेवटच्या क्रमांकावर ढकलण्यात आले. आवाज खोगिराचा होता, असे त्याचे म्हणणे होते.

१९४८ साली लंडनमध्ये स्वीडनच्या संघाने सुवर्णपदक जिंकले. त्या काळच्या नियमाप्रमाणे सैन्यातील स्वार सनदी अधिकारी असावा लागे. संघातील येनेल पर्सन हा मूळचा सार्जंट. स्पर्धेपुरती त्याला बढती दिली होती आणि लगेच पुन्हा खाली उतरवले होते. हे उघड झाल्यावर १९४९ साली पदक काढून घेऊन फ्रान्सला दिले गेले. त्याच्या घोड्याच्या चालीत कोणी दोष काढला नव्हता. आड आला तो स्वाराचा दर्जा. १९५२ साली हेलसिंकी येथे ही अट गेली आणि स्त्रियांनाही प्रवेश मिळाला. त्याच वर्षी पर्सन असलेल्या स्वीडिश संघाने सुवर्णपदक जिंकले, आणि पोलिओमुळे गुडघ्यांखाली पाय लुळे पडलेल्या डेन्मार्कच्या लिस हार्टेल यांनी वैयक्तिक रौप्यपदक मिळविले. त्यांना घोड्यावर बसविण्यासाठी दुसऱ्यांची मदत लागत असे. रिंगणात मात्र त्यांची परीक्षा इतरांच्याच प्रश्नपत्रिकेने झाली.

तिसरा प्रसंग १९५६ सालचा. त्या वर्षी घोड्यांच्या स्पर्धा स्टॉकहोमला झाल्या. जर्मन परीक्षकाने तिन्ही जर्मन स्वारांना पहिले तीन क्रमांक दिले. स्वीडिश परीक्षकाने तिन्ही स्वीडिश स्वारांना दिले. केवढा हा योगायोग! दोघांवरही कारवाई झाली, आणि १९६० सालच्या रोम ऑलिंपिकमध्ये ड्रेसाजची सांघिक स्पर्धाच झाली नाही.

त्यातून जगाने जी वाट काढली ती शिकण्यासारखी आहे. आज परीक्षक रिंगणाभोवती निरनिराळ्या जागी बसतात, कारण एका बाजूने दिसणारा दोष दुसऱ्या बाजूने दिसत नाही. प्रत्येकाचे गुण जाहीर होतात. परीक्षकाशेजारी लेखनिक बसून गुणांबरोबर शेराही टिपतो, आणि तो कागद स्वाराच्या हाती पडतो. डोळा माणसाचाच राहिला. पण त्याला कारण सांगावे लागू लागले.

आता एक कबुली देतो. पुष्कळ वर्षांपूर्वी एका आंतरशालेय वक्तृत्व स्पर्धेत मी परीक्षक होतो. दुसऱ्या एका शाळेचा मुलगा सरस बोलला, हे मला ठाऊक होते. तरी मी शिकवीत असलेल्या शाळेतील मुलीला मी एक गुण अधिक दिला आणि तिला ढाल मिळाली. मला कोणी कारण विचारले नाही, कारण तेथे शेरा लिहिण्याची पद्धतच नव्हती. त्या मुलाला आपण कोठे कमी पडलो, हे कधीच कळले नसेल. कळण्यासारखे काही नव्हतेच. स्टॉकहोमच्या त्या दोघांविषयी वाचताना मला प्रत्येक वेळी तो मुलगा आठवतो.

आपले गुरुजी गुण कापत, त्या प्रत्येक ठिकाणी समासात लाल शाईने कारण लिहीत. तेव्हा तो आम्हांला जाच वाटे. आज वाटते, परीक्षा घेणाऱ्याचा तोच खरा धर्म आहे. येथे बसलेल्या शिक्षकांना एवढीच विनंती, की गुण देताना समास कोरा ठेवू नये. आणि विद्यार्थ्यांना सांगणे असे, की नम्रपणे कारण विचारावे. तो तुमचा अधिकार आहे.