जुळ्यांच्या मेंदूप्रतिमांचे सांख्यिकीय विश्लेषण

जुळ्यांच्या मेंदूप्रतिमांचे सांख्यिकीय विश्लेषण ही मेंदूच्या रचनेत व कार्यात माणसामाणसांत आढळणाऱ्या फरकांपैकी किती वाटा जनुकांचा आणि किती परिस्थितीचा, याचा अंदाज बांधण्याची संशोधनपद्धती आहे. प्रतिमा बहुधा एमआरआय यंत्राने घेतल्या जातात.

तत्त्व

एकबीज जुळी एकाच फलित बीजांडापासून जन्मतात. त्यांची जनुके जवळजवळ सारखी असतात. द्विबीज जुळ्यांत, सख्ख्या भावंडांप्रमाणे, वेगळेपणा दाखवणारी जनुके सरासरीने निम्मी सामाईक असतात. म्हणून एकबीज जोड्यांतील अधिकचे साम्य जनुकांमुळे आले असे मानतात. फ्रान्सिस गाल्टन यांनी १८७५ मध्ये जुळ्यांच्या अभ्यासाचे महत्त्व मांडले. रोनाल्ड फिशर यांनी १९१८ मध्ये प्रचरणाच्या संकल्पनेद्वारे नातेवाइकांतील साम्याला गणिती पाया दिला.

गणन

मेंदूच्या एखाद्या भागाच्या जाडीचा सहसंबंध एकबीज जुळ्यांत ०.८० आणि द्विबीज जुळ्यांत ०.४५ आहे असे मानू. फाल्कनर यांच्या सूत्रानुसार या दोहोंतील फरकाची दुप्पट, म्हणजे ०.७०, हा जनुकांचा वाटा होय. यालाच आनुवंशिकता म्हणतात. ०.८० मधून तो वजा केल्यावर उरलेले ०.१० हा सामाईक परिस्थितीचा वाटा. राहिलेल्या ०.२० मध्ये वैयक्तिक परिस्थिती व मोजमापातील त्रुटी येतात. हेच तीन घटक ‘एसीई’ प्रतिमानात महत्तम संभाव्यता पद्धतीने काढतात.

प्रतिमांमुळे येणाऱ्या अडचणी

प्रतिमेतील सूक्ष्म घनाला व्हॉक्सेल म्हणतात. एक लाख व्हॉक्सेलांची ५ टक्के पातळीवर स्वतंत्र चाचणी घेतल्यास, मुळात काहीही संबंध नसताना सुमारे ५,००० ठिकाणी केवळ योगायोगाने ‘परिणाम’ दिसेल. हे टाळण्यासाठी क्रमचय चाचणी वापरतात. तीत जोड्या अखंड ठेवून एकबीज व द्विबीज ही लेबले हजारो वेळा अदलाबदल करतात आणि प्रत्यक्ष निष्कर्षाची त्यांच्याशी तुलना करतात. वय, लिंग व प्रतिमा घेताना झालेली डोक्याची हालचाल यांचाही हिशेब ठेवावा लागतो.

मर्यादा

दोन्ही प्रकारच्या जुळ्यांना सारखीच परिस्थिती लाभते आणि आईवडील एकमेकांचे रक्ताचे नातेवाईक नसतात, ही या पद्धतीची गृहीतके आहेत. महाराष्ट्रातील काही समाजांत मामाच्या मुलीशी विवाहाची प्रथा आहे. अशा दांपत्याच्या द्विबीज जुळ्यांत जनुकीय साम्य निम्म्याहून थोडे अधिक असते. ते लक्षात न घेतल्यास आनुवंशिकता कमी आणि सामाईक परिस्थितीचा वाटा जास्त दिसतो.

आनुवंशिकता हे विशिष्ट लोकसमूहातील फरकांचे माप आहे, व्यक्तीचे नव्हे. ०.७० म्हणजे एखाद्या मुलाचा मेंदू ७० टक्के जनुकांनी घडला असे नाही. आहार, शिक्षण वा उपचार निष्फळ ठरतील, असेही त्यावरून सिद्ध होत नाही. परिस्थिती बदलल्यास हा आकडाही बदलू शकतो.