सहा चाकांवरील अग्निबाण

तोफेचा इतिहास हा बऱ्याच अंशीं वजनाचा इतिहास होय. गोळा पुढें सुटतांच तोफ मागें रेटली जाते. तो रेटा सोसण्यासाठीं जाड पोलादी नळी व भक्कम गाडा लागतो, आणि हा सारा भार ओढण्यास तितकेंच बळ लागतें. अग्निबाणाचें तसें नाहीं. तो आपल्याच पोटांतील दारूच्या जोरावर उडतो आणि ज्या सांगाड्यावरून सुटतो त्यास फारसा धक्का देत नाहीं. तेव्हां तोफखान्याचें काम एखादी मालमोटारहि करूं शकेल, ही कल्पना यांतूनच निघाली. रशियानें ती 1941 सालीं रणांगणावर आणली. जगास 'कात्यूशा' या नांवानें ठाऊक झालेलें शस्त्र तें हेंच.

अग्निबाणाचा दोष असा कीं, त्याचा नेम कच्चा. एकटा बाण कोठें पडेल याचा भरंवसा नसतो. म्हणून एकाच वेळीं पुष्कळ बाण सोडून शत्रूच्या ताब्यांतील सारी जागाच भाजून काढावी, हा त्यावरील उपाय. त्यासाठीं प्रथम झिस-5 या मालमोटारीवर 24 बाण आडवे बसवून पाहिले. पण फैर झडूं लागतांच गाडी डोलूं लागे व होता तोहि नेम ढळे. मग तीन आंसांची, सहाचाकी झिस-6 ही गाडी निवडण्यांत आली. तिचें एंजिन अवघें 73 अश्वशक्तीचें होतें. तिच्यावर 8 लोखंडी पट्ट्या लांबीच्या दिशेनें बसविल्या आणि प्रत्येकीच्या वर एक व खालीं एक असे 16 बाण ठेवले. बाण 132 मिलिमीटर व्यासाचा व सुमारें 42.5 किलो वजनाचा असे. मागें टेकू देऊन गाडी स्थिर करीत. चालकाच्या खोलींत बसून एक चक्र फिरविलें कीं, दहाएक सेकंदांत सर्व बाण 8 किलोमीटरपर्यंत जाऊन पडत. मात्र ज्वाळा, धूर व धूळ यांवरून गाडीचा ठाव शत्रूस लागलीच कळे. त्याचे गोळे येऊन पडण्यापूर्वीं तेथून निसटणें एवढाच तिचा बचाव. चाकें हीच तिची ढाल होती.

हें शस्त्र ज्यांच्या बुद्धींतून निघालें, त्यांना मात्र निसटतां आलें नाहीं. मॉस्को येथील अग्निबाण-संशोधन संस्थेचे संचालक इवान क्लेइम्योनोव व मुख्य अभियंते गेओर्गी लांगेमाक यांना स्टालिनच्या राजवटीनें 1937 सालीं खोट्या आरोपांवरून अटक केली आणि 1938 च्या जानेवारींत गोळ्या घातल्या. काम पुढें चालू राहिलें. नांवें तेवढीं पुसलीं गेलीं. 21 जून 1941 रोजीं या गाड्यांच्या उत्पादनाचा हुकूम सुटला आणि दुसऱ्याच दिवशीं पहांटे जर्मन फौजा रशियांत घुसल्या.

14 जुलै रोजीं कॅप्टन इवान फ्ल्योरोव यांच्या तुकडीनें जर्मनांच्या हातीं गेलेल्या ओर्शा येथील रेल्वे-स्टेशनावर पहिली फैर झाडली. पुढें ऑक्टोबरांत ही तुकडी व्याझ्मानजीक वेढ्यांत सांपडली. शस्त्राचें गुपित शत्रूस मिळूं नये म्हणून सैनिकांनीं आपल्याच गाड्या सुरुंगानें उडवून दिल्या. फ्ल्योरोव तेथेंच पडले. झिस-6 चें उत्पादनहि त्याच वर्षीं थांबलें. त्यानंतर तो सांगाडा अमेरिकेहून आलेल्या स्टुडबेकर गाड्यांवर चढला आणि बर्लिनपर्यंत पोंचला.

विजय 1945 सालीं मिळाला. न्याय मात्र सावकाश आला. क्लेइम्योनोव व लांगेमाक 1955 सालीं निर्दोष ठरले आणि 1991 सालीं त्यांचा मरणोत्तर बहुमान झाला. फ्ल्योरोव यांना 'रशियाचे वीर' ही पदवी 1995 सालीं देण्यांत आली. दहा सेकंदांत आपलें काम उरकणाऱ्या या गाडीचा हिशेब पुरा होण्यास अर्ध्या शतकाहून अधिक काळ लागला.