कृषि-आपत्तिसाहाय्य, अमेरिकेतील

अवर्षण, महापूर, हिमवादळ यांसारख्या नैसर्गिक आपत्तींत पिकांची वा पशुधनाची हानी झाली असता शेतकरी व पशुपालक यांना शासनाकडून मिळणारे आर्थिक साहाय्य. निसर्गाने केलेली हानी कोणी सोसावी, या प्रश्नाला अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत वेळोवेळी निरनिराळी उत्तरे देण्यात आली.

एकोणिसाव्या शतकात संघशासन ही आपली जबाबदारी मानीत नव्हते. टेक्सस राज्यातील अवर्षणग्रस्त शेतकऱ्यांना बियाणे पुरविण्यासाठी काँग्रेसने १०,००० डॉलर मंजूर केले. तथापि राष्ट्राध्यक्ष ग्रोव्हर क्लीव्हलँड यांनी १८८७ मध्ये नकाराधिकार वापरून ते विधेयक फेटाळले. व्यक्तींच्या दुःखनिवारणार्थ सार्वजनिक निधी खर्चण्यास राज्यघटनेत आधार नाही, अशी त्यांची भूमिका होती.

महामंदीच्या काळात ही भूमिका टिकली नाही. १९३४ च्या अवर्षणात मैदानी प्रदेशातील चारा व पाणी संपले आणि जनावरांना गिऱ्हाईक उरले नाही. तेव्हा शासनाने सु. ८३ लाख गुरे खरेदी केली. रोगट व अतिकृश जनावरे मारून टाकण्यात आली. उरलेल्यांपैकी पुष्कळांचे मांस डबाबंद करून गरजूंना वाटण्यात आले. मोबदल्याचे दोन भाग असत. त्यांपैकी एकावर गुरे गहाण ठेवून घेणाऱ्या धनकोचा हक्क पोहोचे. दुसरा मात्र मालकाच्याच हाती पडे. कर्जबाजारी पशुपालकाच्या दृष्टीने ही तरतूद मोलाची होती.

पुढे १९३८ च्या कायद्याने शासकीय पीकविमा सुरू झाला. पण त्याची व्याप्ती दीर्घकाळ मर्यादित राहिली. १९७३ च्या कायद्यान्वये गहू, भरड धान्ये व कापूस यांच्या उत्पादकांना, पेरणी अशक्य झाल्यास वा उत्पादन सर्वसाधारण प्रमाणाच्या दोन-तृतीयांशाहून कमी आल्यास, थेट रक्कम मिळू लागली. यामुळे धोक्याच्या जमिनीही लागवडीखाली आणण्यास उत्तेजन मिळते, अशी टीका झाली. म्हणून १९८० मध्ये हप्त्यास अनुदान देऊन विम्याचा विस्तार करण्याचे धोरण स्वीकारण्यात आले. तथापि १९८८ च्या तीव्र अवर्षणाच्या वेळी पात्र क्षेत्रापैकी सु. एक-चतुर्थांश क्षेत्रच विमा-संरक्षित होते. परिणामी काँग्रेसला पुन्हा खास कायदा करून ३०० कोटी डॉलरहून अधिक साहाय्य द्यावे लागले.

पीकविम्यात पशुपालकांना फारसे स्थान नव्हते. मृत जनावरांची भरपाई आणि अवर्षणाने कुरणे वाळल्यास चाऱ्याच्या खर्चाचा काही अंश देण्याच्या योजना २००८ च्या कायद्याने आखून दिल्या. पण त्यांची मुदत सप्टेंबर २०११ मध्ये संपली. ऑक्टोबर २०१३ च्या आरंभी दक्षिण डकोटाच्या पश्चिम भागात आधी पाऊस व पाठोपाठ हिमवादळ झाले. हिवाळी केस अद्याप न आलेली हजारो गुरे त्यात दगावली. त्या वेळी भरपाईची योजना अस्तित्वात नव्हती आणि अंदाजपत्रकीय पेचामुळे संघशासनाची बहुतेक कृषिकार्यालयेही बंद होती. २०१४ च्या कायद्याने या योजना कायम केल्या व १ ऑक्टोबर २०११ पासून पूर्वलक्षी प्रभावाने लागू केल्या. मृत जनावराच्या बाजारभावाच्या ७५ टक्के भरपाई ठरली. परंतु दरम्यानच्या काळात कर्ज काढून कळप टिकविणे वा तो मोडणे, हा निर्णय पशुपालकांना कसल्याही हमीवाचून घ्यावा लागला होता.

कायमच्या योजना व विमा असूनही प्रासंगिक साहाय्य थांबले नाही. डिसेंबर २०२४ च्या कायद्याने २०२३ व २०२४ मधील आपत्तींसाठी २,००० कोटी डॉलरहून अधिक रक्कम मंजूर झाली. साहाय्याची हमी आधीपासून असल्यास धोका पत्करण्याची वृत्ती वाढते, तर ते मागाहून ठरविल्यास विलंब होतो व राजकीय प्रभावास वाव मिळतो. शिवाय क्षेत्र व पशुसंख्या यांवर रक्कम ठरत असल्याने, कमाल मर्यादा घालूनही, मोठ्या उत्पादकांना अधिक वाटा मिळतो. लहान शेतकऱ्याला मात्र रकमेच्या आकड्याइतकीच ती हाती पडण्याची वेळही निर्णायक ठरते. कारण पुढील पेरणी व उरलेल्या जनावरांचा चारा कायदा होईपर्यंत थांबू शकत नाहीत.